लॅपटॉप कां तापतो व तो कसा निववावा

यंत्र म्हटलें कीं त्याला चालावयास शक्ति पाहिजे, आणि शक्ति खर्च झाली कीं उष्णता उत्पन्न व्हावयाचीच. बैलगाडीचा आंस तापतो, विहिरीवरील पंप तापतो, घाट चढूं लागलेल्या मोटारीचें इंजिन तापतें. म्हणूनच यंत्र चालविण्याची सोय ज्या काळजीनें करावी लागते, तितक्याच काळजीनें तें निवविण्याचीहि करावी लागते. ही दुसरी सोय बहुधा डोळ्यांआड असते. ती बिघडेपर्यंत तिची कोणास आठवण होत नाहीं.

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळ घरीं लॅपटॉप आला आहे. कोणीं तो नवा घेतला, कोणीं हप्त्यांनीं, कोणीं जुना विकत घेतला. तो तीन-चार वर्षांचा झाला म्हणजे एक तक्रार हमखास ऐकूं येते : यंत्र फार तापतें, पंखा सारखा घोंघावतो, काम मंदावतें, आणि शेवटीं चालतां चालतां तें आपोआप बंद पडतें. या तक्रारीचें मूळ कोठें असतें व त्यावर कोणता उपाय करितां येतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा येथें विचार आहे.

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत नववींतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आपल्या वडिलांसह मजकडे आला. वडील एस. टी.च्या डेपोंत मेकॅनिक आहेत. त्यांच्या पिशवींत एक जुना लॅपटॉप होता. पतपेढीचें कर्ज काढून तो त्यांनीं थोरल्या मुलीसाठीं घेतला होता. ती बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षांत होती आणि तिला आपल्या प्रकल्पाचा अहवाल आठ दिवसांत द्यावयाचा होता. यंत्र सुरू करून दहा-बारा मिनिटें झालीं कीं तें बंद पडे. एका दुकानदारानें तें उघडूनहि न पाहतां "मदरबोर्ड गेला, आतां नवाच घ्या" असा निकाल दिला होता. कर्जाचे सात हप्ते अद्याप फेडावयाचे होते. "सर, हें खरंच गेलं असेल तर तसं सांगा, पण एकदा उघडून बघा," एवढेंच ते म्हणाले.

आतां ही उष्णता येते कोठून तें प्रथम पाहूं. लॅपटॉपमध्यें प्रोसेसर नांवाची सिलिकॉनची एक चकती असते. तिचें क्षेत्रफळ एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हाताच्या आंगठ्याच्या नखाएवढें असतें. तेवढ्याशा जागेंत अब्जावधि ट्रान्झिस्टर कोरलेले असतात व ते प्रत्येक सेकंदाला कोट्यवधि वेळां उघडतात आणि मिटतात. प्रत्येक उघडझांपीला विजेचा अत्यल्प अंश खर्च होतो. पंपाप्रमाणें प्रोसेसर पाणी उचलीत नाहीं कीं गिरणीप्रमाणें धान्य दळीत नाहीं. म्हणून त्यांत शिरलेली वीज जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते.

ही उष्णता किती? हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर सुमारें १५ वॅट, तर भारी कामाच्या लॅपटॉपचा ४५ वॅट वा त्याहून अधिक शक्ति घेतो. ४५ वॅट हा आंकडा लहान वाटतो. परंतु तो दीड चौरस सेंटिमीटरवर वांटून पाहावा. दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट होतात. कपड्यांची इस्त्री १००० वॅटची असली व तिचा तळ २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तिच्या वांट्याला दर चौरस सेंटिमीटरला पांचच वॅट येतात. म्हणजे मांडीवर घेऊन आपण ज्या यंत्रावर निबंध लिहितों, त्याच्या पोटांत इस्त्रीच्या सहापट दाट उष्णता उत्पन्न होत असते. ती क्षणोक्षणीं बाहेर काढली नाहीं तर प्रोसेसर तग धरणार नाहीं.

तिला बाहेर नेणारा मार्ग असा असतो. प्रोसेसरवर तांब्याची एक सपाट पट्टी स्क्रूंनीं दाबून बसविलेली असते. त्या पट्टीला चपट्या तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात व त्यांचीं दुसरीं टोंकें पातळ पत्र्यांच्या एका जाळींत शिरतात. जाळीवर पंखा वारा घालतो आणि ऊन हवा फटींतून बाहेर जाते. या सर्व योजनेला हीटसिंक म्हणतात. त्यांतील नळ्या मोठ्या चतुराईच्या आहेत. त्या भरीव नसून आंतून पोकळ असतात. त्यांतील हवा काढून घेऊन अगदीं थोडें पाणी घातलेलें असतें. प्रोसेसरजवळच्या टोंकाशीं पाण्याची वाफ होते, ती थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता सोडून पुन्हां पाणी होते, आणि नळीच्या आंतील बारीक जाळीदार अस्तरांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें त्याप्रमाणें, परत येतें. अशा नळीची कल्पना अमेरिकेंतील रिचर्ड गॉगलर यांनीं मांडली व सन १९४४ मध्यें त्यांस तिचें पेटंट मिळालें. पुढें सन १९६३ मध्यें लॉस आलामोस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें सिद्ध करून दाखविली. हीटपाइप हें नांव ग्रोव्हर यांनींच रूढ केलें.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. तांबें उष्णतेचें उत्तम वाहक. तें प्रोसेसरवर घट्ट दाबून बसविलें म्हणजे काम झालें. मग मध्यें लेप कशाला? याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. तवा किंचित् वांकडा असला तर भाकरी जेथें त्याला टेकते तेथें भाजते आणि जेथें टेकत नाहीं तेथें कच्ची राहते. प्रोसेसर व तांबें हीं दोन्हीं डोळ्यांना गुळगुळीत दिसत असलीं तरी सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांवर डोंगर आणि दऱ्या असतात. दोन डोंगराळ पृष्ठें एकमेकांवर ठेवलीं तर शिखरें तेवढीं शिखरांना भिडतात. दऱ्यांत हवा कोंडून राहते. आणि कोंडलेल्या हवेसारखा उष्णतेचा दुसरा अडसर क्वचित् सांपडेल. गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळेंच.

आंकडे पाहिले म्हणजे हा फरक मनावर ठसेल. हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता १ धरली, तर पाण्याची सुमारें २३, चांगल्या लेपाची १०० ते ३००, आणि तांब्याची सुमारें १५,००० येते. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. हवेच्या मानानें लेप फार चांगला. पण तांब्याच्या मानानें तो अगदींच दरिद्री. म्हणून लेप भरावयाचा तो दऱ्या भरण्यापुरता. शिखरांच्या मध्यें त्याचा जाड थर राहूं द्यावयाचा नाहीं. दगडी भिंतींत चुना दरजा भरण्यापुरता घालतात. चुन्याचीच भिंत कोणी रचीत नाहीं.

फ्रान्समधील गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनीं सन १८२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत उष्णतेच्या वहनाचें गणित मांडलें. त्याचें सार असें कीं, थर जितका जाड व जितका कमी वाहक, तितका त्याच्या दोन बाजूंच्या उष्णतामानांतील फरक अधिक. वरच्या उदाहरणांतील प्रोसेसरवर मध्यम प्रतीच्या लेपाचा ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा थर असेल तर हा फरक सुमारें ३ अंश पडतो. तोच थर ०.३ मिलिमीटरचा झाला तर फरक १८ अंश होतो. आणि त्या ०.०५ मिलिमीटरच्या फटींत निव्वळ हवाच असती तर तेवढी उष्णता पलीकडे जाण्यास ५७५ अंशांहून अधिक फरक लागला असता. म्हणजे ती जाऊंच शकली नसती. कागदाच्या निम्म्या जाडीवर सर्व यंत्राचें आयुष्य कसें अवलंबून असतें, तें यावरून दिसून येईल.

हा लेप म्हणजे बहुधा सिलिकोन तेलांत झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखी बारीक पूड कालवून केलेला पदार्थ. यंत्र रोज तापतें व निवतें. त्याबरोबर तांबें व सिलिकॉन कमीअधिक प्रसरण पावतात, आणि मधला लेप हळू हळू कडेला ढकलला जातो. तेल सुटतें, पूड कोरडी पडते, भेगा जातात, व त्या भेगांत पुन्हां हवा शिरते. उष्णता अडली म्हणजे प्रोसेसर प्रथम आपली गति कमी करून स्वतःला वांचवितो. पुष्कळ लॅपटॉपांत ही मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठरविलेली असते. तरीहि उष्णतामान चढतच राहिलें तर तो एकदम सर्व यंत्र बंद करितो. तेव्हां असें बंद पडणें हा मृत्यु नसून बहुधा मृत्यु टाळण्याची युक्ति असते.

परंतु तापलेल्या प्रत्येक लॅपटॉपचा दोष लेपाचाच असतो असें मात्र समजूं नये. सर्वांत साधें कारण धूळ. पंखा व जाळी यांच्या मध्यें धुळीचा नमदा साचला म्हणजे वारा आंतच अडतो. दुसरें कारण आपली संवय : गादीवर वा उशीवर लॅपटॉप ठेवला कीं खालच्या फटी बुजतात. तिसरें, पंखाच झिजलेला असणें. म्हणून आधीं निदान व मग औषध. प्रोसेसरच्या आंतच उष्णतामान मोजण्याची सोय असते व एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामनें तें पाहतां येतें. ठराविक काम दहा मिनिटें चालवून उष्णतामान व गति हीं दोन्हीं वहींत लिहून ठेवावीं. केवळ उष्णतामान पाहणें पुरेसें नाहीं. कारण निवण्याची सोय सुधारली कीं कांहीं प्रोसेसर अधिक वेगानें धांवूं लागतात, व उष्णतामान पूर्वीइतकेंच दिसलें तरी काम पुष्कळ अधिक होत असतें.

त्या लॅपटॉपचें आम्हीं असेंच टिपण केलें. खोलींतील उष्णतामान २९ अंश. प्रोसेसर पांच मिनिटांत ९७ अंशांवर. गति सेकंदाला २४० कोटि ठोक्यांवरून ८० कोटींवर घसरलेली. बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मदरबोर्ड गेला असता तर यंत्र बारा मिनिटेंहि इतक्या नियमानें चाललें नसतें, असें मला वाटलें. तरीहि हात घालावयास मन धजेना. त्याचें कारण सांगण्यासारखें आहे. पूर्वीं एकदां माझाच जुना लॅपटॉप साफ करितांना पंख्याची तार मीं कनेक्टरला न धरतां तारेला धरून ओढली. कनेक्टर बोर्डावरून उखडला आणि पांच मिनिटांच्या उतावीळपणापायीं तें यंत्र कायमचें निकामी झालें. तें माझें होतें. हें दुसऱ्याच्या कर्जाचें होतें. ही हकीकत मीं त्या गृहस्थांस उघडपणें सांगितली. ते म्हणाले, "सर, एकदा हात पोळलेला माणूसच भांडं नीट धरतो. करा तुम्ही." आधीं मुलीचें सगळें लिखाण दुसरीकडे उतरून घेतलें व मग आम्ही कामाला लागलों.

कामाची रीत येथें क्रमानें देतों. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. टेबल स्वच्छ व उजेडांत असावें. कोठल्या तरी उघड्या धातूच्या नळाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. खालचे स्क्रू काढतांना त्यांची लांबी कमीअधिक असते हें विसरूं नये. कागदावर लॅपटॉपची आकृति काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागीं चिकटवावा. झांकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनें उकलावें. लोखंडी हत्यार आंत घालूं नये. झांकण निघतांच सर्वांत आधीं बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेंच थांबवून यंत्र जाणत्याच्या हवालीं करावें. फुगलेली बॅटरी टोंचली अथवा दाबली गेल्यास पेट घेते.

प्रथम आम्हीं केवळ धूळ काढली. मऊ ब्रशानें जाळी झाडली व पंखा बोटानें धरून ठेवून हवा मारली. पंखा मोकळा सोडून हवा मारल्यास तो अतिवेगानें फिरून त्याचें बेअरिंग बिघडण्याचा संभव असतो. निघालेला धुळीचा पट्टा पाहून मुलाचे वडील हंसले व म्हणाले, "हें तर रेडिएटरमध्ये कचरा साचल्यासारखं झालं!" उपमा अगदीं योग्य होती. यंत्र जोडून पुन्हां मोजलें तों उष्णतामान ९१ अंश आलें. सहा अंश उतरले, पण रोग गेला नव्हता. एका वेळीं एकच बदल केल्यामुळें धुळीचा वांटा किती हें नेमकें कळलें. आणि आतां लेपाकडे वळण्यास आधार मिळाला.

हीटसिंकच्या स्क्रूंपाशीं बहुधा १, २, ३, ४ असे आंकडे कोरलेले असतात. सोडवितांना उलट क्रमानें, प्रत्येक थोडा थोडा सैल करीत जावें, म्हणजे नाजूक प्रोसेसरवर एकाच कोपऱ्यावर भार येत नाहीं. हीटसिंक चिकटून बसला असेल तर तो उपटूं नये. हळूच डावी-उजवीकडे हलवून सोडवावा. आम्हीं तो उचलला तेव्हां खालीं करड्या रंगाचा, भेगाळलेला, वाळक्या तळ्यांतील चिखलासारखा थर दिसला. दुखणें तेंच होतें.

जुना लेप ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानें पुसावा. हें द्रव्य ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवावी व जवळ ज्योत नसावी. पात्यानें वा नखानें खरवडूं नये. प्रोसेसर आरशासारखा व तांबें लख्ख दिसूं लागेपर्यंत पुसावें. शेजारच्या भागांवर मऊ रबरी चौकटी दिसतील; त्या ठराविक जाडीच्या असतात, त्यांच्या ऐवजीं लेप भरूं नये. मग प्रोसेसरच्या मध्यभागीं तांदळाच्या दोन दाण्यांएवढा लेप ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनें सर्व पृष्ठभर पातळ पसरावा. कोपरा उघडा राहूं नये; पण अधिक घातला म्हणजे अधिक गुण येईल, हीहि समजूत खोटी, हें वरील गणितानें सिद्ध झालेंच आहे. द्रवरूप धातूचा म्हणून एक लेप मिळतो, तो नवशिक्यानें वापरूं नये; त्यांतून वीज वाहते व तो ॲल्युमिनियम खातो. दंतमंजनासारखे घरगुती उपायहि वर्ज्य; त्यांतील पाणी उडून जातें व मागें कोरडी पूड राहते.

हीटसिंक सरळ वरून खालीं ठेवावा, व स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतील जोडीनें, थोडे थोडे, क्रमशः आवळावे. हें काम मीं मुलाच्या वडिलांकडे दिलें. इंजिनाचें हेड आवळण्याचा पंचवीस वर्षांचा सराव त्यांच्या बोटांत होता. त्यांना कांहीं सांगावें लागलें नाहीं. मग पंख्याचा कनेक्टर, शेवटीं बॅटरीचा, आणि झांकण. कागदावर एकहि स्क्रू उरला नाहीं हें मुलानें मोजून पाहिलें.

यंत्र सुरू केलें तेव्हां कोणीहि बोललें नाहीं. दहा मिनिटें झालीं. उष्णतामान ७४ अंशांवर येऊन थांबलें. बारावें मिनिट आलें व गेलें. गति २४० कोटींवरून ढळली नाहीं. अर्धा तास झाल्यावरच वडिलांनीं पिशवी उचलली. मुलीचा अहवाल ठरल्या दिवशीं दाखल झाला, आणि तो लॅपटॉप पुढें कर्ज फिटेपर्यंत चालला. लेपाची नळी दोनशें साठ रुपयांची. तींतला निम्म्याहून अधिक लेप शाळेच्या कपाटांत अजून शिल्लक आहे.

पालकांस एक विनंति. यंत्र हमीच्या मुदतींत असेल तर तें घरीं उघडूं नये. हमी देणाऱ्याकडेच न्यावें. मुलांनीं हें काम वडील माणसांच्या परवानगीनें, व प्रथम एखाद्या टाकाऊ यंत्रावर हात बसवूनच करावें. परंतु उघडून न पाहतां "गेलें" म्हणणाऱ्याचा शब्दहि एकदम खरा मानूं नये. त्यानें काय मोजलें, तें त्याला विचारावें.

विद्यार्थ्यांनो, विज्ञानाच्या पुस्तकांत उष्णतेच्या वहनाचा धडा तुम्ही परीक्षेसाठीं पाठ करितां. तो धडा तुमच्या मांडीवरच्या यंत्रांत रोज चाललेला असतो. मोजणें, एका वेळीं एकच बदल करणें, पुन्हां मोजणें, आणि आपली चूक झांकून न ठेवणें, एवढ्या चार गोष्टी अंगीं बाणल्या तर ज्ञान वहींतून हातांत उतरतें. आणि हातांत उतरलेलें ज्ञान कधीं तरी एखाद्या घराचे सात हप्ते वांचवितें.